बॉनी म्हणजे किती

नॉर्थ शील्ड्सच्या मासळीधक्क्यावर
हा शब्द उघड्यावर मिळतो.
आभाळ निवळलं की बॉनी,
ताजा हॅडक बॉनी,
जाळ्याचा गुंता झाला तरी दात काढून,
"बॉनी झालं हे!"

तान्ह्या पोराला मात्र तो फुकट मिळत नाही.
त्याला गालावर मांस लागतं,
मनगटाला वळी.

मर्टलचा ओस्विन दीड महिना आधीच आला.
दर मंगळवारी मी त्याला पारड्यात ठेवायचे,
पितळ गार लागू नये म्हणून खाली फ्लॅनेल,
मग फ्लॅनेलचं वजन वजा.
बाया वाकून बघत. गोड आहे हो.
नाजूक. बापावर गेलाय.
मर्टल एकेक शब्द घ्यायची
मोड परत घ्यावी तसा,
आणि मला काही विचारायची नाही.
वही माझ्याकडे होती.

अकराव्या आठवड्यात कोळसेवाला कडी
पोतं उतरवता उतरवता म्हणाला,
"बॉनी आहे की पोरगं!"
त्याला काय ठाऊक. चष्म्यावर काजळी.

मर्टल दारातच थांबली.
मग बाळाला तिनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं,
हात भरून आल्यावर घेतात तसं.