फुटाला एक सूत

केरबा सुतारांच्या खिशातली पट्टी
खोटी आहे.
शाळेच्या पट्टीशेजारी ठेवून बघा,
तिचा फूट एक सूत लांब भरतो.
पहिल्याच दिवशी मी ती बदलून मागितली होती.
ते हसले, पेन्सिल कानावर अडकवली, म्हणाले,
"ओतलेलं लोखंड निवताना आकसतंय, पोरी.
खऱ्या मापानं साचा केलास
तर माल खोटा निघंल."

उद्यमनगरात, पत्र्याखाली, सागवानाच्या भुशात
तीस वर्षं ते परदेशी अक्षरं कोरतात.
वाचता येत नाहीत.
पण त्यातल्या एका अक्षराच्या डोक्यावरचे दोन ठिपके
त्यांच्याकडून एकदाही राहिले नाहीत.
वाळूत ते नाव उलटं उमटतं,
ओतिवावर सुलटं निघतं,
आणि शिरोली नाक्यावरून कंटेनरात बसून
ज्याचं आहे त्याच्याकडे जातं.

परवा कॉलेजच्या हॉलमध्ये पाहुणे आले होते.
पडद्यावर आलेख, वर जाणारा,
इतका वर की पंख्याला लागेल असं वाटलं.
एवढी पोरं, एवढे हात, एवढ्या पदव्या,
उद्याचं जग म्हणे आपणच घडवणार.
"जगात भारी!" मागून कोणीतरी ओरडलं,
शिट्ट्या पडल्या.
टाळ्या मीही वाजवल्या, खोटं का बोलू.
शेजारच्या पोराकडे मेकॅनिकलची डिग्री होती
आणि संध्याकाळी तो पार्सलं पोचवायचा.
त्याच्या टाळ्या माझ्यापेक्षा मोठ्या.

केरबामामा शेवटच्या रांगेतून उभे राहिले.
माईक नको म्हणाले.
"साहेब, ह्यात आकसायचं किती धरलंय?"
हॉल हसला. साहेबही हसले,
मग हसू थांबवून वहीत काहीतरी लिहून घेतलं.
माणूस बरा असावा.

ड्रॉइंग आजवर बाहेरूनच येत आलं.
कोपऱ्यात दुसऱ्याची सही,
आपण मायक्रॉन सांभाळले.
ते कमी नाही. दस्तगीर भट्टीच्या तोंडाशी उभा राहून
रसाचा रंग बघतो आणि तापमान सांगतो,
मीटर नंतर त्याच्याशी सहमत होतो.
पण हा भाग मुळात असाच का,
हे त्याला कधी कुणी विचारलं नाही.
त्यानंही विचारलं नाही.
शनिवारी पगार होता.

मी एक पंप काढला.
पंचगंगेचा गाळ पिऊनही न तुंबणारा.
म्हणजे, न तुंबावा असा.
कोपऱ्यात सही करताना हात असा अवघडला
की जणू दुसऱ्याच्या चेकवर करतेय.
साचा मामांनी केला. पैसे नंतर बघू म्हणाले.
"नाव काय कोरू?"
मला सुचेना.
त्यांनी जागा मोकळी ठेवली, चार बोटांची,
गुळगुळीत घासून.

पहिलं ओतीव: आत भोकं, सुपारी मावेल एवढी.
दुसरं: कडेला चीर.
माझे काका म्हणाले, पुण्याला जा की परत,
तिथं निदान एसी होता.
तिसरं काल रात्री ओतलं.
रस पेटीत उतरताना कुणीच बोललं नाही,
शेजारच्या लेथवाल्यानंही मशीन बंद केलं.
अकराला दस्तगीरनं विचारलं, "उघडायची?"
मी म्हणाले, "उघड."
मामा पेटीच्या आड उभे राहिले.
"निवू दे.
घाईनं फोडलेल्या पेटीतनं
वाकडंच निघतंय सगळं.
आमच्या पोराचं बी तसंच झालं."
पोराचं काय झालं ते सांगितलं नाही.

आता सकाळचे सहा.
दस्तगीर चहा आणायला गेलाय,
मामा बाकड्यावर झोपलेत, तोंडावर टोपी,
त्यांची पट्टी खिशातून अर्धी बाहेर.
मी वरची वाळू जराशी सरकवते.
काळी कड दिसते. हाताला अजून ऊब लागते.
माझी शाळेची पट्टी लावून बघते.

केसभर जास्त भरतंय.

थांबते.