तीनदा विसळ

सप्टेंबरात फोन वाजतो. विद्यापीठाच्या कचेरीचा नंबर आणि आमचा
एका आकड्याचा फरक, म्हणून आया थेट तळघरात येऊन पोचतात.
"पर्यावरणशास्त्र म्हणे. हे शिकून पुढे करायचं काय हो?"
मी बाटल्या धुणारी बाई, हे त्यांना सांगत नाही.
"थांबा," म्हणते, आणि फळ्यांकडे बघते.

तार्तूत बर्फ पडायच्या आत पहिल्या वर्षाची पोरं खाली येतात.
मी तीनच गोष्टी शिकवते, बाकीच्या प्राध्यापकबाई.
बाटली तीनदा विसळायची,
ज्या नदीचं पाणी घ्यायचं तिच्याच पाण्यानं.
काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये.
आणि लेबल पेन्सिलीनं.
दर वर्षी कुणीतरी हसतं, खोडता यावं म्हणून?
शाई वाहून जाते रे. शिसं पाण्याला भीत नाही.

पोरं जातात, आणि अक्षरं परत येतात.
चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत.
पिरेटचा गोल, झोपाळू आठ. ती बेटांकडे असते,
बर्फावर पालथी पडून सील मोजते, पगार विचारू नका.
काट्री नगरपालिकेत, सांडपाण्यापाशी. तिचं खोकं फोडायच्या आधी
मी खिडकी उघडते. तिनं मागच्या वर्षी घर घेतलं.
रास्मुसच्या बाटल्या येतच नाहीत. तो टालिनला बँकेत,
जंगलांचे हिशोब लिहितो,
नाताळला चॉकलेट पाठवतो, महागातलं.
एक जण तर कोर्टात. दलदल म्हणजे काय
हे वकिलांना समजावतो, तासावर पैसे घेतो.

आणि येगोर.
ईशान्येकडचा. तिकडे दगडातून तेल काढतात,
राखेचे डोंगर गावाहून उंच.
बाप खाणीत, आजा खाणीत.
एस्टोनियन बोलताना अडायचा, मोजताना कधी नाही.
त्याच्या सातच्या कमरेला आडवी रेघ.
नोकरी धरली ती खाणीच्याच कंपनीत.
पर्यावरण विभाग म्हणजे तीन माणसं, एक जीप.
वर्गातली म्हणाली, विकला गेला.
मी गप्प. त्या जीपमध्ये कुणीतरी बसायला हवंच ना.

दर महिन्याला त्याच्या बारा बाटल्या.
छापील फॉर्म, सही, शिक्का.
पाणी असं की बाळाला पाजावं.
दोन वर्षं असंच.

फेब्रुवारीत खोक्यातून तेरावी निघाली.
लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली,
मोजा घरी विणलेला, टाचेला रफू.
फॉर्म नाही. पेन्सिलीनं तारीख, वेळ पहाटे चार सतरा,
आणि सातच्या कमरेला ती रेघ.
झाकण सैल केलं तर
डांबर, आणि जुन्या इस्पितळातल्या फरशीचा वास.
बुडबुडा एकही नव्हता.
त्या अंधारात, त्या थंडीत,
उघड्या हातांनी तीनदा विसळली असणार त्यानं.

फॉर्मशिवाय नमुना घेतला जाणार नाही,
ही पाटी दारावर मीच चिकटवलीय.
उठून वाचून आले.
चहा ठेवला होता, तो आटून गेला.
मग रजिस्टर ओढलं, पुढचा आकडा टाकला,
'आणणाऱ्याचं नाव' या रकान्यात माझं नाव लिहिलं,
बाटली प्राध्यापकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली
आणि मोजा धुवून रेडिएटरवर वाळत घातला.

मार्चात बारा बाटल्या वेळेवर आल्या.
अक्षर दुसऱ्याचं.
सात साधा, बिनरेघेचा.
मोजा अजून इथेच आहे, पहिल्या खणात.

"हॅलो? आहात ना?"
"आहे," मी म्हणते.
"तुमच्या मुलीचं अक्षर कसं आहे?"