हाडाकडची बाजू

दिवसभर मी सामन माशांचे काटे उपसते,
चिमट्याने, एकेक, दर माशामागे तीसेक.
चोंचीच्या कारखान्यात संध्याकाळचा भोंगा होतो
तेव्हा बोटं धड मिटत नाहीत, धड उघडत नाहीत.
अशा बोटांनी मी गिटार शिकायला घेतली.
वय त्रेपन्न. कुणी विचारलं नव्हतं.

भाचा म्हणाला, ओर्फेलिना मावशी, फोनवरच शीक.
छत्तीस धडे, एकदाच पैसे, जन्मभर तुझे.
जन्म किती उरलाय ते त्याने मोजलं नाही.

पडद्यातला मास्तर गोरागोमटा, दात शिस्तीत.
थकत नाही, शिंकत नाही.
पाव करपायला लागला की मी त्याला थांबवते:
तोंड अर्धवट उघडं, बोट हवेत,
मी भट्टीकडून येईपर्यंत तसाच ताटकळतो.
वेग कमी केला तर दारू प्यायल्यासारखा बोलतो,
आणि तेव्हाच मला जरा जवळचा वाटतो.
धडा संपला की म्हणतो, शाब्बास, जमलं!

जमलेलं नसतं.
फा लावला की खालच्या दोन तारा भणभणतात,
बरणीत अडकलेल्या माश्यांसारख्या.
नवव्या धड्यावर मी सात आठवडे,
आणि तो सात आठवडे शाब्बास म्हणतोय.
कानाडोळा करावा तो असा,
कान नाहीत, डोळेही नाहीत.

मग फेरी. पलीकडे, लेमुय बेटावर,
ट्रकांच्या मधे उभं राहून,
गिटार गोणपाटात गुंडाळून.
रोसामेल चिग्वाय म्हणून एक म्हातारा शिकवतो, ऐकलं होतं.
पहिल्या शनिवारी तो बटाटे काढत होता.
आलीच आहेस तर टोपली धर, म्हणाला.
पहिला धडा: दोन पोती.
दुसऱ्या शनिवारी चुलीशेजारी त्याची डुलकी.
मी मांजराला फा वाजवून दाखवला.
मांजर उठून गेलं.
तिकिटाचे पैसे, तासाचे पैसे,
एवढ्यात छापील हसण्याचा आणखी एक मास्तर आला असता.

तिसऱ्या शनिवारी म्हणाला, वाजव.
वाजवलं. तारा भणभणल्या.
तो काहीच बोलला नाही.
स्वयंपाकघरातून त्याची बायको एदुविना म्हणाली,
त्याला ऐकू येत नाही गं.
तीस वर्षं बोटीच्या इंजिनाशी काढली.
सांगू नकोस म्हणाला होता.

म्हणजे हाही.
मी गोणपाट शोधू लागले.

तेवढ्यात म्हाताऱ्याने खुर्ची ओढली,
गिटारच्या खांद्यावर हनुवटी टेकवली,
डोळे मिटले. पुन्हा, म्हणाला.
धुराचा आणि ओल्या लोकरीचा वास.
मी वाजवलं. त्याने दातांनी ऐकलं.
दोन माश्या आहेत, म्हणाला. खालच्या तारांत.
मग माझी तर्जनी हातात घेतली,
चिमट्याचा घट्टा चाचपला.
मासे?
हो.
तू मऊ बाजूने दाबतेस. तार रुतून बसते तिथे.
बोट जरा कलतं कर, हाडाकडची बाजू लाव.
काटा आत आहेच की. त्याला काम दे.
आणि श्वास सोड, मघापासून धरून बसलीस.

हे त्याला कुठून कळलं, कोण जाणे.
गिटारची पाठ माझ्या बरगड्यांना लागून होती.

फा लागला. एकदाच. मग पुन्हा भणभण,
आणि परतीची शेवटची फेरी गेलेली.
रात्री चुलीपाशी मी त्याला फोन दाखवला.
तो बराच वेळ नुसती बोटं बघत राहिला.
पोरगा स्वच्छ वाजवतो, म्हणाला.
आमच्यापेक्षा स्वच्छ.
मग थोड्या वेळाने: याच्याकडून बटाटे कोण काढून घेतं?

आता महिन्यातून एकदा फेरी. एरवी नववा धडा.
परवा तो शाब्बास म्हणायला तोंड उघडतोय तोच
मी त्याला थांबवलं,
हनुवटी लाकडावर टेकवली,
आणि म्हटलं, थांब रे बाळा,
अजून एक माशी राहिलीय.