बूट चढवायची वेळ

डोनल, तुझं घड्याळ बरोबर आहे.
आधी तेवढं सांगून टाकते, कारण काल तू
तीनदा तेच म्हणालास: मशीन नवं आहे,
सेकंदाची चूक नाही.
चूक घड्याळात नाहीच. ते ज्या भिंतीवर आहे तिथे आहे.

पहाटे साडेपाचला मी तुझ्या दाराशी गाडीत बसले होते,
काच बोटभर खाली करून.
किलिबेग्सचं बंदर काळंशार, बोटींचे दिवे,
बांगड्याचा वास सीटच्या कापडात मुरत चाललेला.
पाच चाळीसला राइमोन्डा आली, मागून तिचा भाऊ,
मग ब्राझीलचे दोघे, एकाच मफलरवर भांडत.
त्यांच्यामागून मीही आत शिरले.

कोट. केसांवर जाळी. दाढीवाल्यांना आणखी एक.
मोज्यावर मोजा, त्यावर पावाची रिकामी पिशवी,
कारण बुटात पाणी जातं; त्याबद्दल पान नऊ बघ.
मग ते पिवळे बूट, कालच्या ओलीसकट.
हात कोपरापर्यंत. पाय औषधाच्या पाण्यात.
आणि मग, पलीकडे, तुझं घड्याळ.
बोट टेकवलं की ते म्हणतं, टुन्,
आत्ता आलात.

अकरा मिनिटं.
परतताना नऊ, कारण घरी जायचं असतं.

तू म्हणालास, बूट घालणं हे काय काम झालं?
मी विचारलं, न घालता आत सोडशील?
छे, नियम आहे.
कुणाचा?
माझा, म्हणालास, आणि चहाचा कप
ओठांपर्यंत नेऊन तसाच खाली ठेवलास.
बाकी कायदा मी चाळीस पानांत लिहिलाय,
पण तो त्या कपात आहे.

अहवालात एक शब्द पुन्हापुन्हा येईल: थकबाकी.
मधे तोडून वाच. थकलेल्यांचं
काहीतरी बाकी आहे, एवढंच.

घड्याळ दाराबाहेर आणायला चार स्क्रू आणि हातभर वायर.
तेवढं सोमवारी होईल.
मागचा हिशोब किती वर्षांचा काढायचा ते वकील सांगेल,
त्याला खरं सांग.
पैसे नाताळच्या पाकिटात घालू नकोस,
वर रिबीन नको, स्वतःचा फोटो नको.
देणगी नाही ही, देणं आहे.
सोडून गेलेल्यांनाही शोध; ती मनगट दुखतं म्हणून गेलेली,
तिचा पत्ता राइमोन्डाकडे आहे, मी विचारलं.
आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद
कुणापुढे सरकवू नकोस.
गारठलेली बोटं कशावरही सही करतात.

तू बराच वेळ खिडकीबाहेर बघत होतास.
मला वाटलं, आकडा मनात फिरवतोयस.
मग एकदम म्हणालास, आई हेरिंग कापायची,
धक्क्यावर, उघड्यावर, मिठाच्या पिंपाशी.
सुरी निसटली की मीठ जखमेत जायचं,
म्हणून पहाटे घरीच, दिव्याखाली, ती प्रत्येक बोटाला
पिठाच्या गोणीची चिंधी गुंडाळायची,
वर दोरा, दातांनी आवळून.
दहाही बोटांना.

मी विचारलं, किती वेळ लागायचा?
सवय गं माझी, दुसरं काय. पेन उघडंच होतं.

वेळ? तू म्हणालास.
दोऱ्याचं दुसरं टोक मी धरायचो.
मला कुठे तेव्हा घड्याळ वाचता येत होतं.