वेलांटी

चेंदणीत तेव्हा अक्षरं हाताने काढत.
माझं दुकान मीठबंदर रोडवर, गोळेवाल्याच्या गाडीसमोर.
टेम्पोंचे माथे, होड्यांच्या नाळी, दातांचे दवाखाने,
सगळ्यांवर माझंच वळण.

जयेंद्र नाखवा, इयत्ता सातवी,
शाळेतून येताना शिडीखाली थांबायचा,
मान वर, दप्तर पाठीवर.
काका, आशीर्वादातला शी दीर्घ.
मी म्हणायचो, टेम्पोवाल्याला काय कळतंय!
तो म्हणायचा, टेम्पो घाटात जाणार ना?
मग चुकलेला आशीर्वाद लागेल कसा?

करार ठरला होता. एका चुकीला एक गोळा.
काला-खट्टा, वरून मीठ.
त्या पोराने मला शुद्धलेखन शिकवलं
आणि चार उन्हाळे जीभ जांभळी ठेवली.

भरती झाला तेव्हा काळी ट्रंक घेऊन आला.
पांढऱ्या रंगात नंबर, खाली नाव.
मी श्वास धरून एकेक अक्षर काढलं.
त्याने बोट न लावता दोनदा वाचलं.
आज गोळा नाही, म्हणाला,
आणि हसला. मला वाटलं, जिंकलो.

एकच पत्र आलं मला.
काका, इथे नजर जाईल तिथवर गोळाच गोळा.
सरबताची बाटली तेवढी पाठवा.
मी बाटली आणून ठेवली.
पार्सल करायचं राहिलं.

मग बातमीत सांगितलं,
पहाटे चौकीवर गोळा पडला.

या वस्तूला आपल्या भाषेत दुसरा शब्द नाही का,
मी दुकान बंद करून दिवसभर शोधत बसलो.

ट्रंक परत आली. नाव शाबूत.
कोपऱ्यात थोडा पोचा.

दीड वर्षाने चौकाला नाव द्यायचं ठरलं.
पाटीचं काम माझ्याकडे, कागद महापालिकेचा.
कागदावर: शहीद जितेंद्र नाखवा चौक.
साहेब, नाव चुकलंय.
साहेब म्हणाले, ठराव झालाय. कागदाप्रमाणे करा.
मी कागदाप्रमाणे केलं.
हे मी लपवत नाही.

पडदा सरकला. हार. टाळ्या.
हिरूबाय शेजारी उभी होती, तिला वाचता येत नव्हतं.
काय लिवलंय रं?
मी पाटीकडे बघून मोठ्याने वाचलं: जयेंद्र.
तिने पदराने डोळे पुसले.
पण धाकू नाखवा चौथी शिकलेला.
तो पाटीखाली बराच वेळ उभा राहिला,
जाळ्याचं भोक शोधावं तसा.
मी पाय धरायला वाकलो, तर म्हणाला,
ऱ्हाऊं दे. जितेंद्र बी कोनाचा तरी पोर आसंल.

त्या रात्री मी शिडी लावली.
वेलांटी निळ्या रंगाखाली झाकली,
त खरवडून तिथे य बसवला.
खाली शिडी धरायला कोणी नव्हतं.
हवालदार आला, बॅटरी मारली,
वाचलं, आणि बॅटरी तशीच धरून उभा राहिला
माझा हात होईपर्यंत.

खाडीची हवा. दोन वर्षांत रंग उडायचा,
आणि पुसलेली वेलांटी पुन्हा वर यायची,
बुडवलेलं काहीतरी भरतीला तरंगावं तशी.
मी पुन्हा चढायचो. असं आठ वेळा.

आता पाटी नवीन आहे. रात्री चमकते.
अक्षरं मशीनने कापलेली, त्यावर रंग धरत नाही.
नाव कागदाप्रमाणे.
रिक्षावाले नुसतं नाखवा चौक म्हणतात,
तेवढं तरी बरोबर.

माझे गुडघे गेले. साखर आहे.
गाडीवर आता गोळेवाल्याचा मुलगा असतो.
काला-खट्टा, मी सांगतो, वरून मीठ.
काका, तुम्हाला चालत नाही, तो ओरडतो.
माझा नाही, मी म्हणतो. देणं आहे.

मग तो हातात धरून पाटीखाली उभा राहतो.
लोक वळसा घालून जातात.
कोपरापर्यंत जांभळा ओघळ येतो,
आणि काडी उरते.