रंगाच्या रकान्यात

ट्रक विकला, ताडपत्री राहिली.
घेणारा म्हणाला, भोकं पडलीत, ठेवा तुम्हालाच,
आणि उल्हासने ती गोठ्यावर टाकली.
चार पावसाळे तिथेच.
गोठ्यात गुरं नव्हती, लाकडं होती,
लाकडांत एकदा नाग निघाला
म्हणून सगळं उपसलं, तेव्हा ती
अंगणात उतरली, अर्धं अंगण व्यापून.

मी एक कोपरा धुतला.
पहिल्या बादलीत चहा,
दुसऱ्या बादलीत चहा,
सातव्या बादलीतही पाणी गुलाबीच.
सुलक्षा कुंपणावरून म्हणाली,
"खाण बंद झाली गो सगळ्या मयेत,
तुझ्या न्हाणीत सोडून."

सोळा नंबरची सुई मोडली. अठराची मोडली.
एकविसाची डिचोलीत मिळेना.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने दिली,
विचारलं, काय शिवता, होडीचं शीड?
म्हटलं, पिशवी.
तो हसला नाही.
म्हणाला, मग दोराही मेणाचा घ्या.

मशीन आईचं, पायाचं,
ब्लाउज-परकरांवर वाढलेलं.
ताडपत्रीचे चार पदर आले की अडतं.
मग मी चाक हाताने फिरवते,
एक टाका, थांब, एक टाका.
अस्तराला उल्हासचे खाकी शर्ट.
त्याच्या छातीवरचा खिसा
आता पिशवीच्या आत, मोबाईलसाठी.
एका खिशात चिठ्ठी सापडली:
खेप तिसरी, जेटी, सही.
ती मी डब्यात ठेवली, बटणांच्या.

मंजिता फोटो काढते.
तुळशीपाशी नको आई, फणसाखाली ठेव,
तिथे ऊन चाळून येतं.
मग फॉर्म भरते, मोठ्याने वाचत.
कापड: जाड, वापरलेलं.
लांबी, रुंदी: टेप धर.
धुण्याची सूचना: ओल्या फडक्याने पुसावे.
रंग?
यादीत लाल आहे, मरून आहे, विटकरी आहे,
आई, कुठला?

आम्ही ट्रकवाले त्याला रंग म्हणत नव्हतो.
पैसे म्हणत होतो.
वाळत घातलेल्या चादरीवर, भातात,
मुलीच्या कानामागे, पैसे.
ज्यांच्या शेतात तो उतरायचा
ते दुसरं काही म्हणत असतील.
आम्हाला ऐकू यायचं नाही,
इंजिन चालू असायचं.

मंजिताने विटकरी निवडला.

पहिली पिशवी बंगळूरला गेली.
अ‍ॅग्नेलोने काट्यावर ठेवली, सहाशे ऐंशी ग्रॅम,
दहा टनांवर पसरायची तिचा एवढासा तुकडा.
साडेसहाशे रुपये, कुरियर वेगळं.
मी हिशेबाच्या वहीचं नवीन पान काढलं
आणि वर श्री लिहिलं.

अकराव्या दिवशी परत आली.
सोबत फोटो: पांढरा कुर्ता,
कमरेपाशी हातभर लाल.
एक तारा.
मंजिता खोलीत गेली, दार लावलं.

उल्हासने फोटो दोन बोटांनी मोठा केला.
आजवर त्याने पिशवीला हात लावला नव्हता,
जेवताना ताट घेऊन मशीनकडे पाठ करून बसायचा.
काही बोलला नाही.
सकाळी उठून पाहते तर
उरलेली ताडपत्री नळाखाली पसरलेली,
आणि हा ट्रक धुवायचा ब्रश घेऊन
गुडघ्यांवर.
तो ब्रश त्याने विकला नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं.

दुपारपर्यंत पागोळीच्या चरातून
गुलाबी पाणी सुलक्षाच्या केळींकडे.
मी चहा नेऊन दिला.
"ही बाजू वरच्या खाणीची," तो म्हणाला,
बोट फिरवून, वास घेऊन.
"ही सुटेल. त्या टोकाला खालच्या खाणीची आहे.
ती इतक्यात जायची नाही."
मग कप खाली ठेवून पुन्हा घासायला लागला,
जाणार नाही म्हणाला तेच टोक.

रात्री मंजिताला म्हटलं, फॉर्म उघड.
कापडात लिही ताडपत्री, ट्रकची.
खिसा: एक, शर्टाचा.
आणि रंगाच्या रकान्यात
यादीतलं काही नको.
लिही: अजून थोडा जाईल.