तिसरा आवाज

ओटिया कुटाइसीहून वर आला, तेव्हा रस्ता नुकताच उघडला होता.
मागच्या सीटवर मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेल्या
चार डिस्क. एकाच दुकानातल्या, एकाच खोक्यातल्या,
म्हणजे, तो म्हणाला, आजारीही बहुधा एकदमच पडतील.

मी यादी पुढे केली. सहाशे बारा टेपा,
अख्ख्या स्वानेतीतली गाणी, लग्नातली, मयतीतली,
आणि एक, जिच्यात गाणं कमी, कुत्र्याचं भुंकणं जास्त.
तीही ठेवायची.

बिलाच्या पाठीवर त्याने चौकोन काढले.
चारही सलग जोडल्या तर जागा भरपूर, वेगही;
पण एक गेली की सगळंच गेलं.
(हा चौकोन त्याने स्वतःच खोडला.)
जोड्या लावल्या तर प्रत्येकीला आपली सावली,
जागा निम्मी.
किंवा तिघींपुरता माल, आणि चौथीइतक्या जागेत
त्याचा हिशेब, सगळ्यांत थोडा थोडा वाटलेला:
कुठलीही एक गेली तरी उरलेल्या सांगतात
ती काय म्हणत होती.

"हे आम्हाला ठाऊक आहे," मुर्मान म्हणाला,
स्टोव्हपाशी, टोपी न काढता.
बिमुर्झा वारला त्या वर्षी त्याने आणि बेकानने
दोघांनीच म्हटलं होतं, मधला आवाज रिकामा ठेवून,
आणि मागच्या बाकावरच्या बायकांनी
तो अख्खा ऐकला होता.

मग बेकानही.
आता मुर्मान एकटा खालचा सूर धरतो
आणि त्यावरून कुणालाच
काही काढता येत नाही.

मी विचारलं, नवी डिस्क यायला किती दिवस?
रस्ता चालू असेल तर दोन.
आणि नसेल तर?
ओटियाने खिडकीबाहेर पाहिलं.

"मग दोघी गेल्या तरी चालेल असं बांध.
कुठल्याही दोघी. मरण जोड्या बघून येत नाही."
"जागा निम्मीच उरेल. लिहायलाही हळू."
लिहायला आता नवं आहेच किती.
पालिकेचा कारकून विचारेल, निम्म्या लारी कशात गेल्या?
सांगेन, न ऐकू येणाऱ्यात.

"आणि ही प्रत नव्हे बरं. छप्पर बसलं तर
चारही त्याच छपराखाली.
एक प्रत खाली, माझ्या बहिणीकडे."
बहिणीचा पत्ता त्याच बिलावर, खोडलेल्या चौकोनाशेजारी.

जुळणी रात्रभर चालली. हिरवे दिवे,
पंख्याची एकसुरी घरघर.
मुर्मान कान देऊन बसला, मग मान हलवली,
जरा उतरलाय, म्हणाला,
आणि त्याच्याखाली, अगदी हळू,
आपला सूर लावून पाहिला.